फुली मारलेला टायर

दुसऱ्यांच्या चुका शोधून काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि खोटं कशाला सांगू, आवडीचाही. मी हिशेब तपासनीस. कुठल्याही कचेरीत मी पाऊल टाकलं की तिथल्या लोकांना एकदम खोकला येतो, कपाटाच्या किल्ल्या सापडेनाशा होतात आणि माझ्यापुढे न मागता चहा येतो. बाहेर एवढा दरारा असलेल्या माणसाला घरात काय किंमत असते, हे विवाहित वाचकांना मी वेगळं सांगत नाही.

म्हणून अधूनमधून मी घरातलं एखादं काम स्वतःच्या हातांनी करून दाखवतो. मागच्याच आठवड्यात गाडीच्या शेडमध्ये मी भिंतीवर एक फळी बसवली. उत्तम बसली आहे. किंचित डावीकडे उतरते, पण त्यात माझा दोष नाही. स्क्रूच्या पाकिटावर बारा छापलं होतं आणि आत अकरा निघाले. मी तसाच उलटपावली दुकानात गेलो आणि माल मोजून देणं म्हणजे काय असतं, ते दुकानदाराला चार गिऱ्हाइकांसमोर समजावून सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, पाकीट मशीन भरतं." मी म्हटलं, "मग मशीनला बाहेर बोलवा." शेवटी त्याने हात जोडून एक स्क्रू काढून दिला. तो जरा आखूड होता, म्हणून फळी उतरते. हा फळीचा मजकूर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझी बायको दातांची डॉक्टर आहे. आठवडाभर ती लोकांच्या तोंडात बघते आणि रविवारी जुनी जीप घेऊन दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून आणि जिथे बकरीसुद्धा दोनदा विचार करेल अशा चढणींवरून फिरते. चांगला रस्ता शेजारी असताना नसलेल्या रस्त्याने जाण्यात कसलं सुख, हे मला कळत नाही, पण मला कुणी विचारतही नाही. या रविवारी तिची पहिली शर्यत होती. वर्षभर तिने तिची तयारी केली होती. आणि शर्यतीचा नियम असा की पाचवं चाक, म्हणजे स्टेपनी, धडधाकट नसेल तर गाडी सुरुवातीच्या रेषेवरूनच घरी पाठवतात.

शनिवारी सकाळी बघतो तर जीप एका अंगावर कलंडलेली. मागचं एक चाक पार बसलं होतं.

"दवाखान्यात जाता जाता टायरवाल्याला सांगून जाते," बायको म्हणाली. "आज तो दुपारी दुकान बंद करतो."

"टायरवाला कशाला? घरात माणूस असताना?"

"कोण माणूस?" सासूबाईंनी आतून विचारलं.

सासूबाई मुलीकडे चार दिवस राहायला आल्या आहेत. ते चार दिवस अजून चालू आहेत. मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि बायकोला म्हटलं, "बसलेलं चाक काढतो, त्याच्या जागी स्टेपनी चढवतो, पंक्चर काढून ते चाक मागे स्टेपनीच्या जागी लावतो. यात आहे काय?"

"अरे, हे टायर सायकलचे नाहीत. फार चिवट असतात."

"मी सरकारी कोठारांचे हिशेब तपासलेत. चिवट म्हणजे काय ते मला नको सांगूस."

'दुखत नाही हो' म्हणणाऱ्या पेशंटकडे ती जशी बघते, तशी तिने माझ्याकडे पाहिलं. "हे बघ, उद्याचं माझं सगळं या टायरवर आहे. जमणार नसेल तर आत्ता सांग. मी रागावणार नाही."

असं कुणी म्हटल्यावर माघार घेतलेला नवरा मी तरी अजून पाहिलेला नाही.

"संध्याकाळी येशील तेव्हा गाडी उभी असेल," मी म्हणालो.

"उभी तर आत्ताही आहे. चालायला हवी." फाटकातून ती परत वळली. "आणि आधी खूण कर. काढायच्या दातावर खूण केल्याशिवाय मी हात लावत नाही."

ती गेली आणि मी कामाला लागलो. चाकाचे नट असे बसले होते की पाना लावून मी वर उभा राहिलो, तरी हलेनात. मी पान्यावर उड्या मारत असताना कुंपणावरून शेजारचे मास्तर उगवले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, शिकवण्यातून नाही. भूमिती शिकवायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात अजून खडू असतो.

"उलट फिरवताय," मास्तर म्हणाले.

"नाही मास्तर, बरोबर फिरवतोय."

"मग आता उलट फिरवून बघा."

नट सुटले. मी त्यांचे आभार मानले नाहीत, कारण त्यांनी ते गृहीतच धरले होते.

आता आमच्या धंद्याची एक रीत आहे. आधी कपाटातल्या सगळ्या फायली खाली काढायच्या आणि मग एकेक तपासून वर ठेवायची. त्या रीतीप्रमाणे मी बसलेलं चाक काढलं आणि जीपच्या पाठीवरची स्टेपनीही खाली उतरवली. स्टेपनी तिथल्या तिथे जागेवर चढवली असती तर ही कथा इथेच संपली असती आणि तुम्ही तुमच्या कामाला लागला असता. पण रीत म्हणजे रीत. जीप जॅकवर तीन पायांवर उभी, दोन्ही चाकं फरशीवर. मास्तरांकडून खडू घेऊन मी पंक्चर टायरवर ठसठशीत फुली मारली आणि पंक्चरची पेटी शोधायला, हात धुवायला आणि मोबाइलवर टायर काढायचा व्हिडिओ बघायला आत गेलो.

मी आत असताना बाहेर जे घडलं, ते मी नंतर सगळ्यांच्या साक्षी घेऊन जुळवलं आहे.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी पहाटे धुतलेल्या फरशीवर चिखलाने माखलेली दोन चाकं पाहिली. सासूबाईंना घाण दिसली की ती घाण कुणाची, कशासाठी, असले प्रश्न पडत नाहीत. त्यांनी साबणाची पूड आणि घासणी घेऊन दोन्ही टायर असे धुतले की खाचांमधलं मूळचं काळं रबर बऱ्याच दिवसांनी उजेडात आलं. मग त्यातला एक, जो जड आणि ढिला लागत होता, तो कोपऱ्यात सरकवून त्यावर धूळ बसू नये म्हणून जुनी चादर घातली. दुसरा सरकवणार तेवढ्यात दूध उतू गेलं.

त्यानंतर आला मेहुणा. बायकोचा हा धाकटा भाऊ तिशीचा आहे आणि मदतीला सदैव तयार असतो. त्याच्या मदतीतून सावरायला माणसाला साधारण तेवढीच वर्षं लागतात. आतून माझ्या मोबाइलचा आवाज येत होता, 'सर्वप्रथम टायरमधली सगळी हवा काढून टाका.' मेहुण्यासमोर फरशीवर एक टायर होता. त्याने व्हॉल्व्ह उघडला.

मी बाहेर आलो तेव्हा तो त्या टायरवर पाय ठेवून शिकाऱ्यासारखा उभा होता.

"भावजी, अर्धं काम उरकलं. पण हवा बरीच होती हो. पंक्चर टायरात एवढी हवा असते?"

"मोठा टायर आहे," मी म्हणालो. "मोठ्या टायरात पंक्चर झालं तरी हवा साठून राहते."

"असं होय. हाच ना पण?"

"हाच," मी मोबाइलवरून नजर न उचलता म्हणालो.

कागद न वाचता सही ठोकणाऱ्या साहेबांना मी आजवर फार छळलं आहे. त्या सगळ्यांची मी या ठिकाणी मनातल्या मनात माफी मागतो.

"फुली कुठे गेली?" मग माझ्या लक्षात आलं.

"खडूचे डाग होते, घासून काढले," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आणि तुमचं ते दुसरं झाकून ठेवलंय."

दुसरं म्हणजे अर्थातच स्टेपनी. मी समाधानाने मान हलवली.

टायर रिमवरून काढायचा तर आधी त्याची कड रिमपासून सुटावी लागते. व्हिडिओतला माणूस त्या कडेवर टाचेने एकदा दाबतो आणि ती सुटते. मी दाबलं. मेहुण्याने दाबलं. मग त्याने उडी मारली आणि टायरने त्याला सासूबाईंनी लावलेल्या गुडघाभर कोरफडीत टाकलं. साबणाचं पाणी ओतलं, दोन लोखंडी कांबी घातल्या, त्यातली एक वाकली. पण टायर ढिम्म. आमच्या कचेरीतले बडे बाबू खिडकीजवळच्या टेबलाला जसे धरून बसतात, तसा तो रिमला धरून बसला होता. का बसणार नाही? जन्मात तो एकदाही उघडला नव्हता, वर्षानुवर्षं जीपच्या पाठीवर उन्हात भाजत होता. पण हे शहाणपण आत्ताचं.

"टायरवाल्याला फोन करू का?" मेहुण्याने कोरफडीचा काटा काढत विचारलं.

"हरलो असं सांगायला?"

"विचारायला."

त्याने केला. टायरवाल्याच्या बायकोने सांगितलं, ते शटर ओढून घरी आलेत आणि जेवताना फोन घेत नाहीत. आता परतीची वाट बंद. मला बायकोचं ते वाक्य आठवलं, 'उद्याचं माझं सगळं या टायरवर आहे.' व्हिडिओतला माणूस एव्हाना चौथा टायर काढत होता.

"प्रश्न वजनाचा आहे," कुंपणावरून मास्तर म्हणाले. "तुम्हा दोघांचं वजन अपुरं. तिथे हवी मोटार. टायर आडवा ठेवा, मोटारीचं पुढचं चाक त्याच्या कडेवर आणून सोडा. कड सुटलीच पाहिजे."

"पण जीप तर जॅकवर आहे."

मास्तरांनी खाली पाहिलं, वर पाहिलं आणि एखाद्या दानशूरासारखे म्हणाले, "माझी आहे ना."

मास्तरांची मोटार नवी आहे. म्हणजे घेऊन बरेच दिवस झाले, पण सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, आणि पाऊस आला की ते तिला आत घेतात, स्वतः नंतर येतात. अशी मोटार माणूस टायरवर चढवायला देतो, याचा अर्थ त्याला भूमितीबद्दल खरोखरच प्रेम असलं पाहिजे.

चढायला उतरती फळी हवी होती. मेहुण्याने इकडेतिकडे पाहिलं, भिंतीवरची माझी फळी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. ती हातात आली.

"स्क्रू काढायला हवेत का, भावजी?"

"नको आता," मी म्हणालो.

मास्तर अंदाज घेत मोटार फळीवर आणू लागले. मी डावीकडून 'या, या' करत होतो, मेहुणा उजवीकडून 'बस, बस' करत होता, आणि मास्तर दोघांचंही ऐकत होते. चाक फळी चढलं, टायरवर आलं आणि त्याच क्षणी खालून फळी सटकून थेट जॅकवरच्या जीपखाली गेली. मोटार एक पाय टायरवर ठेवून फोटो काढायला उभी राहावी तशी राहिली. कड सुटली नव्हती.

"उतरा मास्तर."

"कसा उतरू? फळी आणा. उतार हवा. नाहीतर खालून घासेल."

"फळी जीपखाली आहे."

"मग काढा."

तीन पायांच्या जीपखाली शिरायला आम्ही दोघांनी एकमेकांना आग्रह केला. कुणीच ऐकलं नाही. मास्तर ब्रेकवर पाय दाबून बसले होते, पाय काढला तर मोटार घरंगळेल म्हणून. त्यांना एकटं वाटू नये म्हणून मेहुणा त्यांच्या शेजारी जाऊन बसला. ऊन चढलं होतं, म्हणून मी मागे बसलो. प्लास्टिक चरचरलं.

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. आम्हा तिघांना मोटारीत तिरपे बसलेले पाहून त्यांनी विचारलं, "कुठे निघालात?"

"कुठेच नाही, आई. बसलोय."

"मग मी काय उन्हात उभी राहू?" असं म्हणून त्यांनी खिडकीतून कप दिले, मागचं दार उघडलं, पदर सावरला आणि माझ्या शेजारी बसल्या.

फट्ट.

मोटार हातभर खाली आली. टायरची कड सुटली होती. आम्ही चौघं आपापल्या कपात बघत राहिलो.

"मी बसायच्या आधीच झालं हं ते," सासूबाई म्हणाल्या.

"निःसंशय," मास्तर म्हणाले. "परिणाम साचत आलेला असतो."

"पण आई, तू बसलीस आणि," मेहुणा सुरू झाला. मी पुढच्या सीटखालून त्याच्या टाचेवर बूट ठेवला.

पुढचं भराभर झालं. मोटार आता इतकी खाली होती की सरळ मागे घेता आली. कांबी घालून टायरची एक बाजू रिमबाहेर काढली, आतली ट्यूब ओढली, पंपाने फुगवली आणि सासूबाईंच्या धुण्याच्या टबात बुडवली. पंक्चर असेल तिथून बुडबुडे येतात. आम्ही तिघं टबाभोवती उकिडवे बसलो. एकही बुडबुडा नाही. ट्यूब फिरवली. नाही. उलटी केली. नाही. मेहुण्याने कान लावला आणि ओला कान घेऊन म्हणाला, "एकदम शांत आहे."

"छिद्र बारीक असेल," मी म्हणालो.

"छिद्राला लांबी-रुंदी नसते असं समजू," मास्तर म्हणाले, "तरी हवेला बाहेर यावंच लागेल."

"आपोआप भरलं असेल," मेहुणा म्हणाला. "जखम भरते तसं."

तुम्ही हसाल, पण त्या क्षणी मला ते पटलं. दुपारभर घाम गाळलेल्या माणसाला काहीही पटतं. मनाच्या एका कोपऱ्यातला तपासनीस मात्र कुरकुरत होता. चूक सापडत नसेल तर दोनच शक्यता असतात. एक, चूक नाही. दोन, फाइलच वेगळी आहे. मी पहिली शक्यता धरली, कारण ती सोयीची होती.

आणि फाटक वाजलं.

बायकोने सगळं एका नजरेत पाहिलं. जॅकवरची जीप, अंगणात आलेली मास्तरांची मोटार, उघडा भिंतीचा तुकडा, वाकलेली कांब, टबात ट्यूब, आणि भावाच्या केसांत साबण. ती ओरडली नाही. पर्स खाली ठेवून ती माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि दवाखान्यातल्या आवाजात तिने विचारलं, "सांग. दुखत होता कुठला?"

"हा काय, हाच."

"खूण कुठे आहे?"

"आईंनी पुसली. पण स्टेपनी वेगळी आहे. ती काय, झाकलेली."

ती उठली, कोपऱ्यात गेली आणि चादर उचलली. चादरीखाली टायर नव्हता, टायरचा थकलेला आत्मा होता. रिम जमिनीला टेकली होती.

मास्तरांनी खिशातला खडू खोल ढकलला.

"धडधाकट दात उपटलात," बायको म्हणाली.

"जड होता गं तो, म्हणून मी कोपऱ्यात," सासूबाई म्हणाल्या.

"हवा बरीच होती, मी भावजींना म्हटलंही होतं," मेहुणा म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. कचेरीत मी असाच बघतो, तेव्हा समोरच्याला खोकला का येतो ते मला कळलं. मी खोकलो.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तू उद्या जायला हवीस. काय करू सांग."

ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "जीपखालची फळी काढ आधी. ती तिथे का आहे, ते मी विचारत नाही."

तिने जुना अॅप्रन चढवला, दवाखान्यातले हातमोजे घातले आणि पंक्चर टायर आडवा पाडला. आम्हाला वाटलं, आता हिलाही मोटार लागणार. मास्तर किल्ली घेऊन उठलेसुद्धा. तिने त्यांना हाताने बसवलं. साबणाचं पाणी कडेने फिरवलं, कांब घातली आणि थोडं दाबलं, मग वीतभर पुढे जाऊन पुन्हा थोडं, मग आणखी पुढे.

"ओढत नाहीत," ती म्हणाली. "ओढलं की मूळ तुटतं. आधी सगळीकडून हलवायचं."

तिसऱ्या फेरीला कड सुटली. फट्ट नाही, काही नाही, पेशंट तोंड उघडतो तशी. हा टायर पूर्वी दोनदा उघडलेला होता, हे मी माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो, पण त्यावर तिथे बोललो नाही. ट्यूबला टबात घातल्याबरोबर बुडबुड्यांची रांग लागली. मेहुण्याने टाळी वाजवली. मी ती जागा कागदाने घासली, सोल्यूशन लावलं, ठिगळ दाबून धरलं. बायकोने मधल्या वेळात टायरच्या आतून बोटं फिरवली, एका जागी थांबली आणि पक्कड मागितली.

"सापडलं. तोंड उघड म्हणजे दिसेल," ती टायरला म्हणाली, आणि खाचेतून काहीतरी उपटून तिने टबाच्या कडेवर ठेवलं.

लांब, चकचकीत, काळ्या डोक्याचा स्क्रू होता तो. शेडमधल्या फळीला लागतात तसा. अगदी तसाच.

मी तो बघत राहिलो. ते पाकीट मी जीपच्या मागे उकिडवा बसून दाताने फोडलं होतं.

"लहान मुलांना मी दात डबीत घालून देते," बायको म्हणाली. "तुला हा घरी न्यायचाय का?"

"किती होते हो पाकिटात?" सासूबाईंनी अत्यंत निरागसपणे विचारलं.

दिवेलागणीपर्यंत दोन्ही टायर बंद झाले, फुगले, जागेवर बसले. पंपावर मास्तर आणि मी आळीपाळीने होतो. मास्तर प्रत्येक दाबाला कोन सांगत होते.

रविवारी बायको शर्यतीला गेली. तपासणाऱ्याने स्टेपनीवर दोन थापा मारल्या, म्हणाला, "एकदम टाइट आहे," आणि गाडी सोडली. ती खालून चौथी आली. येताना चिखलाने इतकी माखली होती की सासूबाईंनी तिला फाटकातच थांबवलं आणि घासणी आणली. तिचा एवढा हसरा चेहरा मी गेल्या कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

फळी पुन्हा भिंतीवर आहे, आणि सरळ आहे. बायकोने बसवली. टायरमधला स्क्रू बरोबर बाराव्या भोकात गेला, त्यामुळे दुकानदाराचा तो आखूड स्क्रू माझ्याकडे जास्तीचा राहिला आहे. तो परत करायलाच हवा, त्याशिवाय हिशेब जुळायचा नाही. पण सध्या मी कचेरीत जाताना मागच्या गल्लीने जातो. जरा लांब पडतं, पण तब्येतीला चालणं चांगलं असतं.